डेव्हलपरशिवाय प्लेट : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

आगोट, म्हणजे पावसाळ्याचं तोंड, जवळ आली की कोकणातल्या छापखान्यांत दोन हंगाम एकमेकांवर चढतात. लग्नपत्रिका अजून संपलेल्या नसतात आणि आरतीसंग्रह, मंडळांची पावतीपुस्तकं, डबलबारीची (भजनी सामन्यांची) पत्रकं दारात उभी राहतात. या वेळी आलेल्या पत्रांत मात्र कामाच्या घाईपेक्षा प्लेटचीच, म्हणजे ऑफसेट मशीनवर चढणाऱ्या छपाईच्या पत्र्याचीच, चर्चा जास्त आहे. डेव्हलपर (प्लेट साफ करणारं रसायन) न लागणारी प्लेट घ्यावी का, ती चालते कशी आणि किनाऱ्यावरच्या हवेत टिकते का, असे हे प्रश्न आहेत. एकसारखी पत्रं एकत्र करून उत्तरं देत आहोत.

डीलरकडे गेलं की कोणी ‘लो-केम’ म्हणतो, कोणी ‘केमिस्ट्री-फ्री’, कोणी ‘प्रोसेसलेस’. हे सगळं एकच आहे का?
— प्रेसचालक, सावंतवाडी

एकच नाही. फरक न कळता माल घेतला तर पहिल्याच आठवड्यात पस्तावायची वेळ येते.

नेहमीची थर्मल सीटीपी प्लेट, म्हणजे संगणकावरून थेट लेझरच्या उष्णतेने लिहिली जाणारी प्लेट, लेझरमधून निघाली की प्रोसेसरमध्ये जाते. तिथे १२ ते १३ पीएचचा कडक अल्कली डेव्हलपर नको असलेला थर विरघळवतो, मग पाण्याने धुणं होतं आणि शेवटी गम (कोऱ्या भागाला सांभाळणारा डिंकासारखा लेप) लागतो. लो-केम प्लेटला हे सगळं लागतंच, फक्त डेव्हलपर कमी खर्च होतो. केमिस्ट्री-फ्री प्लेटला डेव्हलपर नाही आणि धुण्याचं पाणीही नाही. एका लहान युनिटमध्ये ब्रश आणि गम यांनीच नको असलेला थर निघतो आणि त्याच गमाचं संरक्षण प्लेटवर राहतं. प्रोसेसलेस प्लेटला तेही युनिट लागत नाही. ती लेझरमधून काढून थेट मशीनवर चढते आणि मशीनवरचं पाणी व शाई मिळून तिला साफ करतात.

विक्रीच्या बोलण्यात ही नावं सर्रास एकमेकांच्या जागी वापरली जातात. म्हणून एकच प्रश्न विचारा: लेझरमधून निघालेली प्लेट मशीनवर जाण्याआधी कशाकशातून जाते? उत्तरात ‘डेव्हलपर’ हा शब्द आला तर ती केमिस्ट्री-फ्री नव्हे. ‘फक्त गम’ असं उत्तर आलं तर केमिस्ट्री-फ्री, आणि ‘कशातूनच नाही’ असं आलं तर प्रोसेसलेस.

डेव्हलपर नाही, तर मग चित्र उमटतं कसं? लेझरच्या उजेडाने प्लेट ‘एक्स्पोज’ होते असं शिकवलं जातं, पण ही प्लेट थोडा वेळ ट्यूबलाइटखाली ठेवली तरी बिघडत नाही.
— डीटीपी ऑपरेटर, रत्नागिरी

तुमचं निरीक्षण अचूक आहे आणि उत्तर त्यातच आहे. ही प्लेट उजेडाने नाही, उष्णतेने लिहिली जाते.

आधी मुळाशी जाऊ. १७९६ च्या सुमारास बव्हेरियात आलॉइस सेनेफेल्डरने चुनखडीच्या दगडावर तेल आणि पाणी यांचं वैर वापरून छपाई केली. ऑफसेट आजही त्याच वैरावर चालतं. दगडाच्या जागी ॲल्युमिनियमचा पत्रा आला. त्याला विजेच्या प्रक्रियेने बारीक खरखरीतपणा आणतात, त्याला ग्रेन म्हणतात. मग ॲनोडाइज करून त्यावर कठीण ऑक्साइडचा थर चढवतात. हा ग्रेन पाणी धरून ठेवतो. वर जे आवरण शिल्लक राहतं ते शाई धरतं. थोडक्यात, प्लेट बनवणं म्हणजे आवरण कुठे ठेवायचं आणि कुठे काढायचं एवढंच ठरवणं.

केमिस्ट्री-फ्री थर्मल प्लेटमध्ये हे आवरण अतिसूक्ष्म प्लॅस्टिकच्या कणांचं असतं. आग्फाने २००४ च्या द्रुपा या छपाईच्या जागतिक प्रदर्शनात आणलेली अझुरा ही या जातीची गाजलेली प्लेट, आणि तिच्या तंत्राला कंपनीने थर्मोफ्यूज नाव दिलं. कण ग्रेनवर नुसते बसलेले असतात, चिकटलेले नसतात. त्यांच्यात एक रंगद्रव्य मिसळलेलं असतं आणि ते ८३० नॅनोमीटरच्या इन्फ्रारेड लेझरचा प्रकाश पिऊन तापतं. लेझर पडला की त्या जागचे कण काही मायक्रोसेकंदांत वितळतात, एकमेकांत मिसळतात आणि खालच्या ग्रेनच्या खाचांत उतरून घट्ट धरतात. लेझर न पडलेले कण जसेच्या तसे सुटे राहतात. गमाचं पाणी आणि ब्रश फिरला की ते उठून जातात. कणांच्या बाबतीत इथे कोणतीही रासायनिक अभिक्रिया झालेली नाही. मेण वितळून कापडात मुरावं तसा हा निव्वळ भौतिक बदल आहे. ट्यूबलाइटने कण वितळण्याइतके तापत नाहीत, म्हणून प्लेट साध्या उजेडात हाताळता येते. तरी उन्हात किंवा तासन्‌तास उघडी ठेवू नये.

एक बारीक गोष्ट इथेच लक्षात घ्या, कारण पुढच्या निम्म्या तक्रारी तिच्यातून येतात. ॲल्युमिनियम उष्णता फार वेगाने खेचून घेतं. मधला ऑक्साइडचा थर थोडा अडसर करतो, पण पत्र्याला लागून असलेले कण वरच्या कणांपेक्षा कमीच तापतात. लेझरची ताकद कमी पडली तर वरचे कण वितळून छान निळं चित्र दिसतं, पण तळाशी पकड बसत नाही. अशी प्लेट टेबलावर निर्दोष वाटते आणि मशीनवर चार-पाच हजार प्रतींत झिजायला लागते.

आता अचूकतेचा हिशोब. २४०० डीपीआयवर, म्हणजे इंचाला २४०० ठिपके असताना, लेझरचा एक ठिपका २५.४ मिलिमीटर (एक इंच) भागिले २४०० म्हणजे सुमारे १०.६ मायक्रॉनचा असतो. १५० लाइनच्या स्क्रीनमध्ये, म्हणजे इंचाला छटेच्या डॉटच्या १५० ओळी असताना, एका घरात असे १६ गुणिले १६, म्हणजे २५६ ठिपके बसतात. २ टक्क्यांचा फिकट डॉट म्हणजे त्यातले जेमतेम ५. त्या ५ पैकी एक जरी नीट न चिकटता धुऊन गेला तरी डॉटचा पाचवा भाग गेला. आकाशाची किंवा कपाळाची फिकट छटा छापताना तुटते ती यामुळे.

प्रोसेसलेस प्लेटची रीत थोडी निराळी आहे. कोडॅकच्या सोनोरासारख्या प्लेटमध्ये लेझरच्या उष्णतेने आवरणातले रेणू एकमेकांशी जोडले जाऊन जाळं तयार होतं. इथे रसायनशास्त्र आहे, पण ते प्लेटच्या आतच घडतं, बाहेरून बाटलीतून येत नाही. जाळं न झालेला भाग मशीनवरच्या फाउंटन पाण्याने (प्लेट ओली ठेवणाऱ्या पाण्याने) फुगतो, सैल होतो आणि शाईचा चिकटपणा त्याला ओढून ब्लँकेटवर (प्लेटवरची शाई कागदावर नेणाऱ्या रबरी पट्ट्यावर) आणि तिथून रद्दी कागदावर नेतो. तिसरी पद्धत थर जाळून उडवण्याची, तिला ॲब्लेशन म्हणतात. प्रेसटेक या कंपनीने ती पुढे नेली. मशीनवरच प्लेट लिहिणारं हायडेलबर्गचं जीटीओ-डीआय १९९१ मध्ये आलं तेही याच घराण्यातलं. उडालेली राख खेचायला सक्शन लागतं, ही त्या पद्धतीची अडचण.

आमच्याकडे ८३० नॅनोमीटरचं जुनं सीटीपी आहे आणि त्यावर पॉझिटिव्ह थर्मल प्लेट चालते. त्याच यंत्रावर केमिस्ट्री-फ्री प्लेट चालेल का?
— ऑफसेट प्रेस, कुडाळ

बहुधा चालेल, पण तीन गोष्टी बदलाव्या लागतात.

पहिली, आणि सगळ्यांत जास्त चुकणारी. पॉझिटिव्ह प्लेटमध्ये लेझर पडतो तो भाग निघून जातो. वर सांगितलेल्या दोन्ही प्लेट निगेटिव्ह जातीच्या आहेत, म्हणजे लेझर पडतो तिथे चित्र राहतं. आरआयपीमध्ये (पान ठिपक्यांत बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) किंवा सीटीपीच्या सॉफ्टवेअरमध्ये आउटपुट उलटवलं नाही तर अख्खी प्लेट काळी आणि अक्षरं पांढरी येतील. उलटवणं दोन्हीकडे चालू राहिलं तर दोन उलटे मिळून सुलटं होतं आणि माणूस तासभर चूक शोधत बसतो. एकाच ठिकाणी उलटवा आणि ते कुठे केलं हे यंत्रावर चिठ्ठी लावून लिहून ठेवा.

दुसरी गोष्ट ऊर्जा. पॉझिटिव्ह थर्मल प्लेटला साधारण १०० ते १५० मिलिज्यूल प्रति चौरस सेंटिमीटर पुरतात. डेव्हलपर नसलेल्या प्लेटला मॉडेलनुसार १५० पासून ३०० पर्यंत लागतात. तुमच्या लेझरमध्ये ताकद शिल्लक असेल तर ती वाढवा. नसेल तर ड्रम (प्लेट धरून फिरणारा सीटीपीचा दंडगोल) सावकाश फिरवणं हाच उपाय. समजा आज एका प्लेटला ३ मिनिटं लागतात, त्यात १ मिनिट चढवण्या-उतरवण्याचं आणि २ मिनिटं लिहिण्याची. ऊर्जा दुप्पट लागली तर लिहिणं ४ मिनिटांचं होऊन एकूण ५ मिनिटं होतील. तासाला २० ऐवजी १२ प्लेट निघतील. दिवसाला ३०-४० प्लेट काढणाऱ्या प्रेसला त्याने काही अडत नाही. बाहेरच्यांना प्लेट विकणाऱ्याने मात्र हा हिशोब घेण्याआधी मांडावा. लेझर डायोड जुने होऊन क्षीण झाले असतील तर आधी त्यांची तपासणी करून घ्या.

तिसरी गोष्ट चाचणी. आधी फोकस, मग पॉवर, हा क्रम मोडू नका. फोकस ढळलेला असताना पॉवर कितीही वाढवली तरी डॉटची कड धूसरच राहते. फोकस बसला की एकाच प्लेटवर ८-१० पट्ट्या लिहा, प्रत्येक पट्टीला पॉवर ५ टक्क्यांनी वाढवत. पट्टीत सॉलिड (पूर्ण भरलेला रंग), २, ५० आणि ९८ टक्क्यांचे डॉट आणि १ गुणिले १ पिक्सेलची चौकडी असू द्या. प्लेट गम युनिटमधून काढा. मग प्रत्येक सॉलिडचा अर्धा भाग फाउंटन पाण्यात भिजवलेल्या कापसाने दाबून २५-३० वेळा घासा आणि घासलेला व न घासलेला भाग शेजारी-शेजारी ३० पटीच्या भिंगातून बघा. कमी पॉवरच्या पट्ट्यांत घासलेला भाग फिकट दिसेल. ज्या पट्टीपासून फरक दिसेनासा होतो तिच्याहून १० ते १५ टक्के वरची पॉवर कायम करा. त्याहून फार वर जाऊ नका, कारण उष्णता बाजूला पसरून ९८ टक्क्यांमधली पांढरी टिकली बुजते. शेवटी डॉट मोजून नवी कर्व्ह (डॉटचा आकार दुरुस्त करणारा आलेख) बनवा. जुन्या प्लेटची कर्व्ह नव्या प्लेटला लावली की छटा बिघडतात.

तुमचं यंत्र ८३० ऐवजी ४०५ नॅनोमीटरचं व्हायोलेट असतं तर हे सगळं गैरलागू ठरलं असतं. व्हायोलेट प्लेट उजेडाने बनते. तिला हजारपट कमी ऊर्जा लागते, पण पिवळ्या दिव्याखालीच हाताळावी लागते. त्या जातीतही गमाने साफ होणाऱ्या प्लेट मिळतात, मात्र एकीचं यंत्र दुसरीला चालत नाही.

नवी प्लेट सुरू केल्यापासून सॉलिड रंगात बारीक पांढरे ठिपके येतात. पूर्वी असे यायचे नाहीत.
— मशीनमन, वेंगुर्ला

धूळ पूर्वीही होतीच, फक्त तिचा परिणाम उलटा दिसायचा. पॉझिटिव्ह प्लेटवर धुळीच्या कणाने लेझर अडवला की तिथे आवरण राहून जायचं आणि कोऱ्या जागेत शाईचा काळा ठिपका यायचा. तो पुसायच्या पेनाने काढता येतो. निगेटिव्ह प्लेटवर अडलेल्या जागी आवरण धुऊन जातं आणि सॉलिडमध्ये भोक पडतं, ते काही भरून येत नाही. सीटीपीच्या खोलीत जमीन झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. ड्रम रोज लिंट न सुटणाऱ्या कापडाने पुसा आणि प्लेटमधला इंटरलीफ कागद त्याच खोलीत ओढून चुरगाळू नका, त्याचा भुरा उडतो. खिडकीबाहेर चिऱ्याचं बांधकाम चालू असेल तर तांबडी धूळ जाळीतूनही आत येते. तेवढे दिवस खिडकी बंदच ठेवा.

सकाळी काम उत्तम निघतं. दोनेकशे प्रतींनंतर कागदाच्या कडेला प्लेट घाण पकडू लागते. एप्रिल-मे मध्ये हे फारच होतं. प्लेट खराब आहे का?
— प्रेसमालक, मालवण

प्लेटवर दोष देण्याआधी पाणी बघा. तुमच्या वर्णनात त्याचीच चिन्हं आहेत.

घाण चार प्रकारांनी येते आणि प्रत्येकीचं दिसणं वेगळं असतं. पहिल्या प्रतीपासून सगळीकडे एकसारखी निळसर झाक असेल तर प्लेट पुरती साफ झालेली नाही, म्हणजे गम युनिटचा ब्रश झिजला आहे किंवा गम शिळा झाला आहे. मशीन थांबवून पुन्हा सुरू केल्यावर बारीक टिपके किंवा कडी दिसत असतील तर ॲल्युमिनियम गंजलं आहे. पूर्ण कागदावर हलका रंग चढतो, प्लेट ओल्या स्पंजने पुसली की जातो आणि पाच मिनिटांत परत येतो, तेव्हा शाई पाण्यात मिसळते आहे. आणि सुरुवात स्वच्छ, मग कडेकडेने घाण आत सरकते, तेव्हा पाण्याची ताकद कमी पडते आहे. तुमचा हा चौथा प्रकार.

मालवणसारख्या ठिकाणी खाडीलगतच्या विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात. क्षारांमुळे पाण्याची वाहकता (वीज वाहून नेण्याची क्षमता) आधीच चढलेली असते. मशीनमन मीटर बुडवतो, आकडा रोजच्याइतका दिसला की फाउंटन सोल्यूशन (मशीनच्या पाण्यात मिसळायचं रसायन) पुरेसं पडलं असं समजतो. प्रत्यक्षात तो आकडा मिठाचा असतो. सोल्यूशन निम्मंच पडलेलं असतं आणि प्लेटचा कोरा भाग पाणी धरेनासा होतो. शिवाय क्लोराइड ॲल्युमिनियमला खातं, त्यामुळे गंजाचे टिपकेही मागोमाग येतात.

उपाय असा. कुठलंही सोल्यूशन घालण्याआधी नुसत्या पाण्याची वाहकता मोजा. मग १ लिटर पाण्यात १० मिली सोल्यूशन घालून मोजा, २० ला मोजा, ३० ला मोजा आणि हे चार आकडे मशीनजवळ भिंतीवर लिहा. बहुतेक सोल्यूशन २ ते ३ टक्के, म्हणजे लिटरला २० ते ३० मिली घालायची असतात. रोज बघायचा तो आकडा एकूण नव्हे, नुसत्या पाण्यावर चढलेला. उदाहरणार्थ पाणी ३०० मायक्रोसिमेन्स आणि योग्य मात्रेला १,२०० होत असेल तर चढ ९०० चा. मे महिन्यात पाणीच ९०० झालं तर लक्ष्य १,८०० होतं, १,२०० नव्हे. पण इतकं मचूळ पाणी मुळात मशीनला देऊच नका. आरओ लावा. आरओचं पाणी फार मऊ असतं, म्हणून हार्डनरने ते ८ ते १२ जर्मन डिग्री कठीणतेवर, म्हणजे साधारण १४० ते २१५ पीपीएमवर आणा. हा चार्ट दर महिन्याला नव्याने करा.

पावसाळ्यात नेमकं उलट होतं. जांभ्यातून झिरपलेलं पाणी इतकं मऊ असतं की आम्ल झेलायची त्याची क्षमता नसते. तीच मात्रा घातली तरी पीएच ४.५ च्या खाली घसरतो. शाई दमट हवेत आधीच उशिरा वाळते, त्यात आम्ल पाण्याने आणखी उशीर होतो आणि थप्पीत प्रती एकमेकींना लागतात. पीएच ४.८ ते ५.३ मध्ये ठेवा.

डेव्हलपरने साफ केलेली प्लेट ही हयगय थोडीफार सोसते, कारण तिचा कोरा भाग रसायनाने पूर्ण उघडा केलेला असतो. सौम्य गमाने साफ झालेल्या प्लेटला पाणी नेमकंच लागतं. आम्ही हे ठामपणे सांगतो: किनाऱ्यावरच्या प्रेसने या प्लेटकडे वळण्याआधी पीएच मीटर आणि वाहकता मीटर घ्यावा, प्लेटचं पाकीट नंतर. घाण काढायला कडक अल्कली किंवा खरखरीत प्लेट क्लीनर वापरू नका, वितळून बसलेलं चित्रही त्याने निघतं. प्लेट बनवणाऱ्या कंपनीने सांगितलेलाच क्लीनर ठेवा.

प्रोसेसलेस प्लेट मशीनवर चढवताना नेमकं काय करायचं? चित्र नीट दिसतही नाही.
— अलिबाग

चित्र फिकट दिसतं ते बरोबरच आहे. आवरण अजून पूर्ण जागेवर असतं, फक्त लेझर पडलेल्या भागाची छटा किंचित बदललेली असते. त्यामुळे प्लेटवर मजकूर वाचून चूक पकडायची सवय सोडावी लागेल. प्रूफ कागदावरच तपासा, आणि प्लेटच्या शेपटीला रंगाचं नाव व जॉब क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहवून घ्या. नाहीतर किरमिजी आणि निळ्याची अदलाबदल व्हायला वेळ लागत नाही.

प्लेट कोरड्या हातांनी, कडेला धरून चढवा. आधी फक्त पाण्याचे रोलर लावून मशीन १० ते १५ फेरे फिरवा म्हणजे नको असलेलं आवरण फुगेल. मग शाईचे रोलर लावून ५ ते १० फेरे. त्यानंतर इम्प्रेशन (छपाईचा दाब) देऊन रद्दी कागद सोडा. पहिला कागद पूर्ण मळका आणि निळसर येईल, चौथ्या-पाचव्यावर अक्षरांच्या आतली पोकळी मोकळी होताना दिसेल आणि १५-२० कागदांत कोरा भाग पांढरा पडेल. घाई करून पाणी आणि शाई एकदम लावली तर न फुगलेल्या आवरणावर शाई बसते आणि मग ती निघता निघत नाही. लिहिलेली प्लेट दिवस-दिवस ठेवून देऊ नका, शक्यतो त्याच दिवशी चालवा.

पाण्याचे रोलर कापडी असतील तर मात्र प्रोसेसलेसच्या वाटेला जाऊ नका. सुटलेलं आवरण कापडात साठतं आणि दुसऱ्या जॉबवर उतरतं. लहान गावांतल्या जुन्या मशीनवर अजून कापडी रोलरच आहेत, आणि म्हणून अशा प्रेसला आम्ही गम युनिटवाली केमिस्ट्री-फ्री प्लेटच सुचवतो.

डेव्हलपर गेला म्हणजे सांडपाण्याची कटकट संपली ना? आमच्या प्रेसच्या मागेच विहीर आहे.
— चिपळूण

मोठा धोका गेला. १३ पीएचच्या आसपासचं अल्कली जांभ्याच्या सच्छिद्र जमिनीत ओतलं की ते विहिरीकडे जायला फार वेळ लागत नाही आणि हातांची कातडी भाजते ते वेगळंच. पण गम युनिटमधला शिळा गम म्हणजे नुसता गम नव्हे. त्यात प्लेटवरून सुटलेले प्लॅस्टिकचे कण आणि रंग साठलेले असतात, टाकीच्या तळाला निळा गाळ दिसतो तो हाच. तो मोरीत सोडू नका. कॅनमध्ये साठवून महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी असलेल्या संकलकाकडे द्या. फाउंटनचं जुनं पाणी आणि ब्लँकेट वॉश यांनाही हाच नियम, ते प्लेट बदलल्याने कुठेही जात नाहीत. चिपळुणात २०२१ च्या जुलैत पाणी कुठवर चढलं होतं ते तुम्हाला ठाऊकच आहे, तेव्हा हे कॅन आणि प्लेटची खोकी माळ्यावरच असू द्या.

वापरलेल्या प्लेट शाई पुसून भंगारात वेगळ्या विका. भंगारातून ॲल्युमिनियम वितळवायला खनिजातून काढण्याच्या सुमारे ५ टक्केच ऊर्जा लागते, आणि स्वच्छ प्लेटला भावही चांगला मिळतो.

या प्लेटवर किती प्रती निघतात? आणि आंब्याच्या पेट्यांसाठी ती चालेल का?
— देवगड

चांगल्या कोटेड कागदावर, योग्य पॉवरने लिहिलेली प्लेट लाखाच्या आसपास प्रती देते. तुमच्याकडचे जॉब २ ते १० हजारांचे असतील तर आयुष्याचा प्रश्नच येत नाही. रद्दीपासून बनलेला डुप्लेक्स बोर्ड झिजवतो, त्यावर निम्मं धरून चला. यूव्ही (अतिनील प्रकाशाने वाळणाऱ्या) शाईवर आयुष्य फारच घटतं, कारण तिचे वॉश चित्रालाही विरघळवतात. नेहमीची पॉझिटिव्ह प्लेट २३० ते २५० अंशांवर भाजून कठीण करता येते, तशी ही भाजता येत नाही.

पेटीचं म्हणाल तर पन्हळी खोक्यावर थेट होणारी छपाई फ्लेक्सोची असते आणि तिची रबरासारखी प्लेट सर्वस्वी वेगळी. तिथेही सॉल्व्हेंट टाळणारं तंत्र आहे. ड्युपाँच्या सायरेल फास्टमध्ये न कडक झालेला पॉलिमर गरम करून कापडी पट्ट्याने टिपून घेतात. पेटीवर चिकटणारं रंगीत लेबल किंवा डझनाचा छापील बॉक्स मात्र ऑफसेटवर होतो, तिथे ही प्लेट खुशाल वापरा.

पावसाळ्यात प्लेट आणि युनिट कसं सांभाळायचं? वीजही सारखी जाते.
— गुहागर

प्लेटचं आवरण पाण्यानेच निघावं असं बनवलेलं आहे, त्यामुळे दमट हवा आणि घामेजलेले हात तिचे थेट शत्रू आहेत. न लिहिलेल्या प्लेटवर बोट टेकलं तर तिथे ठसा छापून येतो. सुती हातमोजे घाला. खोली २० ते २५ अंश आणि ४० ते ६० टक्के आर्द्रतेवर ठेवा. नुसता एसी पुरत नाही, सोबत डीह्युमिडिफायर लागतो. पाकीट बाहेरच्या गोदामातून आणलं तर २४ तास न उघडता त्याच खोलीत आडवं राहू द्या, नाहीतर कागद आवरणाला चिकटून निघतो. एसीतली थंड प्लेट भर पावसात दुसऱ्या इमारतीत न्यायची असेल तर बंद पाकिटातच न्या. उघडी नेली तर तिच्यावर दव धरतं आणि प्रत्येक थेंबाचा डाग राहतो. आगोटीला चार महिन्यांचा साठा भरायची आपली रीत असली तरी प्लेट महिन्यापुरतीच घ्या.

लिहिता लिहिता वीज गेली तर ती प्लेट टाकून द्या. पुढून सुरू केलं तर सांध्यावर रेघ येतेच. सीटीपी, संगणक आणि व्हॅक्यूम पंप तिन्ही यूपीएसवर घ्या. पंप मेन्सवर ठेवला तर वीज जाताच प्लेट फिरत्या ड्रमवर सैल होते.

छापताना वीज गेली तर हाताने मशीनचा सिलिंडर फिरवून प्लेटवर पातळ गम लावा आणि कोरड्या कापडाने चोळून सुकवा. पाच मिनिटांत येईल म्हणून वाट बघू नका. खाऱ्या हवेत ओलं ॲल्युमिनियम लगेच गंजायला लागतं. गम जाड राहिला तर चित्रावर साका धरून शाई बसेनाशी होते. तसं झालं तर ओल्या स्पंजने गम काढा, शाई परत पकडेल.

युनिटमधल्या गमातलं पाणी उडून तो घट्ट होतो, विशेषतः एसीच्या कोरड्या खोलीत. रोज पातळी बघून कंपनीने सांगितल्याप्रमाणे भर घाला. संध्याकाळी रोलरचा दाब सैल करा, नाहीतर सकाळी रोलर एकमेकांना चिकटलेले सापडतात. आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून ब्रश कोमट पाण्याने धुवा. ब्रशचे केस बोटाने वाकवून बघा. सुटताच ते सरळ उभे राहिले पाहिजेत. वाकलेलेच राहत असतील तर ब्रश बदला.